पालथी खंजिरी

मंडळाची तिसरी कॅसेट हीच शेवटची, असं बापूजींनी होळीला सांगून टाकलं आणि तेव्हापासून देवरावच्या डोक्याला एकच घोर लागला: तिच्यात हळदीचं गाणं नको. बाकी वाट्टेल ते घ्या. दारूचं घ्या, हुंड्याचं घ्या, बुवाबाजीचं तर दोनदा घ्या. पण हळदीचं नको. आणि हे तोंडानं सांगायची सोय नव्हती, कारण ते गाणं म्हणजेच देवराव, असं लोक धरून चालले होते.

देवराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. पण फिटर म्हणून त्याला ओळखणारे कारखान्याच्या फाटकाआतच. बाहेर तो खंजिरीवाला देवराव. जागृती खंजिरी मंडळाचा पहिला आवाज त्याचा. ढोलकीवर कारखान्यातलाच रुपराव, पेटीवर किराणा दुकानवाले नत्थूजी, आणि झांज वाजवून मागे म्हणायला देवरावची धाकटी बहीण कौशल्या. गाणी रचायचे बापूजी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांची गाणी म्हणजे अर्धं गाणं आणि अर्धं बोलणं. खंजिरीच्या ठेक्यावर शब्द असे धडाधड यायचे की ऐकणाऱ्याला पानाची पिंक टाकायलाही सवड मिळू नये. एके काळी उमरेडपासून काटोलपर्यंत गावोगावची बोलावणी यायची. आता गणपतीत लोक व्हिडिओ आणत होते आणि बापूजींचा दमा त्यांना दोन ओळी सलग बोलू देत नव्हता. शेवटची एक कॅसेट करायची आणि मंडळ गुंडाळायचं, असं ठरलं.

या मंडळाची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या मंडळात नसेल. गाणं सुरू करायच्या आधी बापूजी आपल्याच माणसांकडे तोंड करून विचारायचे, "कोनाच्या घरी?" म्हणजे आपण ज्यावर कोरडे ओढणार, ते कोणाच्या घरात चालू आहे? ज्याच्या घरी असेल त्यानं आपलं वाद्य पालथं घालायचं आणि त्या गाण्यापुरतं बाजूला बसायचं. भर सभेत, सगळ्यांच्या देखत. रुपरावचा भाऊ पीत होता तोवर दारूचं गाणं ढोलकीवाचून व्हायचं. लोक विचारायचे, ढोलकीवाला का गप? रुपराव उठून सांगायचा, माहा भाऊ पेते म्हून. पुढे तो भाऊ पिणं सोडून मोकळा झाला, कारण त्याची बदनामी स्वतः पिऊन झाली नसती इतकी रुपरावनं गावोगाव करून ठेवली होती. नत्थूजींची बायको दर शनिवारी एका बाबाकडे अंगारा आणायला जायची. तिला काही नत्थूजी आवरू शकले नाहीत. बुवाबाजीच्या गाण्याला पेटी कधी लागलीच नाही आणि लोकांना वाटायचं, चालच तशी आहे.

देवरावनं मात्र खंजिरी कधी पालथी घातली नव्हती. एकदाही नाही. याचा त्याला गर्व होता, आणि तो गर्व लपवायची त्याला अक्कलही नव्हती. "आपलं घर आरशासारखं साफ आहे," असं तो चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणायचा.

हळदीचं गाणं तर त्याच्याच अंगणात जन्मलं. कौशल्या लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन परत आली होती. हुडकेश्वरच्या सासरी ती नकोशी झाली आणि देवराव बैलगाडी घेऊन जाऊन तिला घेऊन आला. घरात देवरावची मुलगी शामला नुकती रांगायला लागली होती, देवरावची बायको प्रयागबाई बाळंतपणानंतरच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. कौशल्येनं ती पोर वाढवली. तिचं न्हाणं, तिची वेणी, तिची शाळा, सगळं आत्याकडे. कोणाच्या तरी लग्नात कौशल्येला हळदीजवळून उठवलं, ते बापूजींच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गाणं घेऊनच आले:

ज्या हातानं न्हाऊ घातलं, त्या हाताची हळद बाटली काय?
सांग गड्या मांडवातल्या, तुही अक्कल आटली काय?

हे म्हणताना देवराव खंजिरी डोक्यावर नेऊन अशी काही थाप मारायचा की पुढच्या रांगेतले मांडववाले खाली बघायचे. गावोगावच्या विधवा मागच्या अंधारातून पुढे यायच्या आणि कौशल्येच्या कपाळावरची टिकली बघत राहायच्या. ती टिकली बापूजींनी सगळ्यांसमोर लावायला सांगितली होती आणि देवरावनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, माह्या घरी हिच्या हाताबिगर कोन्तंच मंगल कार्य होनार नाही.

मग माघात शामलाचं लग्न झालं.

स्थळ कुहीकडचं होतं. मुलगा शिकलेला, माणसं शेतीवाडीची, आणि मुख्य म्हणजे हुंड्याचा शब्द त्यांनी काढला नव्हता. हे स्थळ म्हणजे देवरावच्या हुंड्याच्या गाण्याची अब्रू होती. त्यानं ते डोळ्यात तेल घालून जपलं. हळदीच्या दिवशी व्याह्यांकडच्या बायका आल्या. पाटावर शामला बसली होती. सवाष्णींची हळद लावून होत आली तशी कौशल्या पुढे सरकली आणि वाटीत बोटं बुडवली. तेव्हा मुलाची आजी, शांतपणे, काही वाईट हेतूनं नाही, आपलं सहज म्हणाली, "ह्या कोन वं? ह्यायचे मालक?"

प्रयागबाईनं ओसरीतून नवऱ्याकडे पाहिलं. देवराव दारात उभा होता. कौशल्येची पिवळी बोटं शामलाच्या गालापासून वीतभर अंतरावर होती. आणि देवराव म्हणाला, "कौशे, जरा मांघं जाऊन पाय. वरन लागून राहिलं वाटते."

वरण लागत नव्हतं. मागे आचारी होते, त्यांनी वरण अजून चढवलंही नव्हतं. हे कौशल्येला माहीत होतं, कारण आचाऱ्यांना डाळ तिनंच काढून दिली होती. तिनं बोटं पदराच्या आतल्या बाजूला पुसली आणि गेली. शामला पाटावरून मागे वळून बघायला लागली, तिला कोणीतरी म्हणालं, नवरीनं हलू नये. मंडळाची माणसं तेव्हा बाहेर मांडवात पंगतीच्या चटया टाकत होती. त्यांना यातलं काहीही कळलं नाही.

त्या दिवसानंतर कौशल्या त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर देवरावला बरं वाटलं असतं. चार शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. ती नेहमीसारखी भाकरी करायची, नेहमीसारखं त्याला "दादा, पानी काढलं" म्हणायची. देवराव मनातल्या मनात अर्धा दोष प्रयागबाईच्या पदरात टाकून झोपायचा प्रयत्न करायचा. तिनंच पाहिलं होतं माझ्याकडे. तिचा डोळा काय म्हणत होता, ते मला कळलं म्हणून मी बोललो. बायकांच्या रीतीत बायकोचंच चालतं, मी काय करणार, असं सगळं.

कॅसेटचं ठरलं तसा तो बापूजींकडे गेला. म्हणाला, "बापूजी, हळदीचं गानं आता लय जुनं झालं. लोकायले पाठ आहे. काही नवं घेऊ."

"पाठ आहे म्हून तर तेच घ्याचं," बापूजी म्हणाले. "कॅसेटवाल्या मुकुंदनंही तेच सांगतलं. कॅसेटच्या एका बाजूले तेच नाव छापून राहिला तो." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुह्याबिगर ते कोन म्हनन गा? आपल्यातलं एक तरी घर साफ आहे, म्हून ते गानं उभं आहे." देवरावला त्या हाताखालून निसटून पळावंसं वाटलं. घरी येऊन त्यानं दुसरा डाव टाकला. कौशल्येला म्हणाला, ऊन फार आहे, तू नको येऊ, झांज रुपरावचा पुतण्या वाजवन. ती म्हणाली, "शेवटची आहे ना दादा? येतो मी बी."

मुकुंदचा स्टुडिओ रामदासपेठेत एका दवाखान्याच्या माडीवर होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्यांना रजया. काचेच्या पलीकडे मुकुंद आपलं यंत्र घेऊन बसलेला. रेकॉर्डिंग चालू झालं की तो पंखा बंद करायचा, कारण पंख्याचा आवाज कॅसेटवर यायचा. चैत्राच्या उन्हात त्या खोलीत उभं राहणं म्हणजे भट्टीत उभं राहणं. पण देवरावला घाम सुटला तो पंखा चालू असतानाच.

दारूच्या गाण्याआधी बापूजींनी विचारलं, "कोनाच्या घरी?"

मुकुंद काचेआडून हसला. "बापूजी, अथी कोन पाहून राहिलं? कॅसेटवर काही दिसत नाही."

"आमाले दिसते," बापूजी म्हणाले, आणि खोकल्याची उबळ आवरायला खुर्चीत बसले.

दारूचं गाणं झालं. बुवाबाजीच्या गाण्याला नत्थूजींनी न विचारताच पेटीचा भाता दाबला, कडी लावली आणि खाली पान खायला निघून गेले. मुकुंदनं कपाळाला हात लावला. पेटीवाचून गाणं कसं घ्यायचं त्याला कळेना, पण ते घेतलं गेलं आणि चांगलं झालं. हुंड्याच्या गाण्याला कोणी हललं नाही. देवरावनं ते जरा जास्तच जोरात म्हटलं. मग नत्थूजी परत आले, सगळ्यांनी माठातलं पाणी पिऊन घेतलं आणि बापूजी म्हणाले, "आता हळदीचं. कोनाच्या घरी?"

देवरावच्या हातातली खंजिरी घामानं निसटायला लागली. एवढंच करायचं होतं. ती चटईवर पालथी घालायची आणि दोन शब्द बोलायचे. रुपराव वर्षानुवर्षं बोलला होता, नत्थूजी हसत हसत पेटी बंद करायचे, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. पण त्यांना कोणी आरसा म्हटलं नव्हतं. देवराव बापूजींच्या चपलांकडे बघत राहिला. आता घालू, आता घालू, असं म्हणत राहिला आणि हात काही खाली गेला नाही. बापूजींनी मुकुंदला मान हलवून खूण केली. मुकुंदनं पंखा बंद केला.

तेवढ्यात कौशल्या खाली वाकली आणि तिनं झांज चटईवर पालथी ठेवली. आवाज होऊ नये म्हणून एकीवर एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवली.

"माह्या घरी आहे, बापूजी," ती म्हणाली.

बापूजींना काही उमजेना. "तुह्या घरी? म्हंजे कुठं वं?"

रुपरावनं ढोलकीवरचा हात काढला. नत्थूजी आधी कौशल्येकडे आणि मग देवरावकडे बघायला लागले. तिचं घर म्हणजे कोणतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घरी सगळे जेवले होते. आणि देवरावच्या तोंडातून शब्द असे सरळ आले, जणू रात्रभर पाठ करून ठेवले होते. "तिच्या सासरचं म्हनून राहिली ते. हुडकेश्वरचं घर. तिथं अजून लय चालते हे सगळं."

"असं काय वं कौशल्या?" बापूजींनी विचारलं.

कौशल्येनं भावाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर तो सोसवला असता. पण ती नुसती खात्री करून घेत होती. दुकानदारानं भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक एकदा बघतं ना, खरंच हाच भाव का म्हणून, तशी. "दादा म्हनते तर तसंच असन," ती म्हणाली आणि काचेपलीकडे मुकुंदजवळ जाऊन स्टुलावर बसली.

बापूजींचे डोळे भरून आले. "याले म्हनते इमान," ते सगळ्यांना म्हणाले. "सासर सोडून जलम गेला तिचा, तरी ते घर आपलं मानून झांज ठेवली पोरीनं. शिका काही." देवराव ऐकत होता. माणसाला इतकी शरम वाटू शकते आणि तरी त्याचे पाय त्याला उभं ठेवतात, याचं त्याला आश्चर्य वाटत होतं.

मग त्यानं गाणं म्हटलं. आणि वाईट हे की तो कधी म्हटलं नव्हतं इतकं चांगलं म्हणाला. आवाज मधेच कापला, तो नेमका कापायला हवा तिथे. अक्कल आटली काय म्हणताना तो असा रेंगाळला की रुपरावच्या ढोलकीनं आपोआप ठेका हळू केला. काचेपलीकडे कौशल्या बसली होती. तिच्याकडे न बघता म्हणायचं म्हणून देवरावनं डोळे मिटले, आणि पाहणाऱ्यांना वाटलं तल्लीन झाला.

मुकुंद बाहेर येऊन म्हणाला, "पुन्हा घ्याचं काम नाही. एकाच फेरीत झालं. संध्याकाळच्या गाडीनं मुंबईले मानूस जाऊन राहिला, त्याच्या हाती टेप कॅसेटी काढाले धाडतो." त्यानं टेप मागे फिरवून सगळ्यांना ऐकवली. रुपरावनं डोळे पुसले. "रडवलं गा देवराव तू," म्हणाला. कौशल्येनंही ऐकली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आवाज चांगला लागला, दादा." ती खोटं बोलत नव्हती. आवाज खरंच चांगला लागला होता.

अजूनही वेळ होती. टेप मुकुंदच्या टेबलावर होती, बापूजी खुर्चीत होते. देवरावनं खंजिरी फडक्यात गुंडाळली, फडक्याला गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. मग तो जिना उतरला.

बर्डीपर्यंत दोघं बहीणभाऊ चालत गेली. बस तिथून मिळायची. ऊन उतरत होतं, रसाच्या गाड्यांवर गर्दी होती. देवरावनं विचारलं, रस प्यायचा का. ती नको म्हणाली. थांब्यावर हिंगण्याची बस लागली तसा तो पुढे झाला आणि मागे वळून पाहतो तर ती जागची हलली नव्हती.

"चाल ना वं. जागा भेटनार नाही मंग."

"तू जाय," ती म्हणाली. "मी हुडकेश्वरले जातो."

देवरावला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. "कायले? तिथं कोन आहे तुहं?"

"घर आहे म्हने ना माहं. तूच सांगतलं सगळ्यायसमोर. आता बापूजी विचारतीन, रुपराव भाऊ विचारतीन. अथीच राह्यलो तर तू खोटा पडशीन."

"कौशे, असं काय बोलून राहिली? तोंडातून निंगालं ते. तिथं ते तुले ओसरीत बी बसू देत नाहीत. जाऊबाई तुही न्यारी वाटी ठेवते. हळद लावू देतीन काय ते तुले?"

"नाही देत," कौशल्या म्हणाली. पदर नीट केला तिनं डोक्यावर. "पन ते हे गानं बी नाही म्हनत."

देवराव तिथे, भर बर्डीवर, माणसांच्या लोंढ्यात, फडक्यातली खंजिरी छातीशी धरून उभा राहिला. त्यानं तिचा हात धरायला पाहिजे होता. तिच्यासकट रामदासपेठेला उलटं जायला पाहिजे होतं. लांब नव्हतं, चालत गेला असता तरी गाडीच्या आधी पोचला असता. त्याला हे सगळं त्याच वेळी सुचत होतं, मागाहून नाही. त्यानं काय केलं, तर खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "आठ-पंधरा दिवसानं येजो मंग," तो म्हणाला. तिची बस आली. ती चढली, खिडकीजवळ तिला जागा मिळाली, आणि तिनं बाहेर पाहिलं नाही.

घरी प्रयागबाई दारातच होती. दिवेलागण झाली होती. तिनं त्याच्यामागे रस्त्यावर पाहिलं. "अजी, कौशल्याबाई कुठं राह्यल्या?"

"गेली. हुडकेश्वरले."

"काहून? कोनी आजारी आहे काय तिथं?"

तिला सांगायला शेकडो गोष्टी होत्या. दीर आजारी, देवाचं काही आहे, पोराचं बारसं आहे. दुपारपासून देवरावची जीभ खोट्याला चांगली सरावली होती. पण पाणी न पिता तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मी धाडली." मग त्यानं स्टुडिओतलं सगळं सांगितलं. खंजिरी, झांज, बापूजी, बर्डी, सगळं. आणि सांगता सांगता, सवयीनं, शेवटी हेही म्हणाला, "त्या दिवशी हळदीत तू माह्याकडं पाह्यलं नसतं, तर हे इथवर आलंच नसतं."

प्रयागबाई म्हणाली, "पाह्यलं होतं मी."

"तेच म्हनतो."

"बुढीनं तसं विचारलं अन् माहं तर तोंडच बंद झालं. व्याह्यायची मानसं, मी बाई कशी बोलू? म्हून तुमच्याकडं पाह्यलं. म्हटलं, हे म्हनतीन आता. माहीच बहीन आहे, तिनंच पोर वाढवली, तीच हळद लावन, असं म्हनतीन. गावोगाव म्हनते, घरी नाही म्हननार काय?" तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी वरन म्हटलं."

माघापासून देवराव निम्मी लाज बायकोच्या नावावर टाकून कशीबशी झोप घेत आला होता. आता ती सगळीच त्याची झाली होती, आणि तिकडे मुंबईची गाडी सुटून गेली होती.